आधी डबे मोजा, मग ट्रॉल्या ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीत छोट्या घरातलं किचन कसं नवं करावं यावर पानभर मजकूर आला होता, फोटो छान होते, पांढराशुभ्र ओटा, त्यावर काचेच्या वाडग्यात हिरवी सफरचंदं आणि एक झाड. आमच्या घरात सफरचंद फ्रीजमध्ये असतं आणि ओट्यावर भिजवलेले पोहे, अर्धा चिरलेला कोबी, दुधाचं पातेलं आणि मिक्सरचं भांडं असतं, म्हणून म्हटलं आपणही चार ओळी लिहाव्यात. गेल्याच वर्षी आम्ही डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं किचन नवं केलंय, घाव ताजे आहेत.

आधी माझी ओळख सांगतो म्हणजे मी कुठल्या तोंडाने बोलतोय ते कळेल. मी ३६ वर्षं लोकलला लोंबकळत नोकरी केली. सकाळचा डबा तयार मिळायचा आणि रात्रीचं ताट. स्वयंपाकघरात माझा प्रवेश पाणी प्यायला आणि सिलिंडर लावायला. निवृत्त झालो आणि पुढच्याच वर्षी बायकोच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, तेव्हा पहिल्यांदा मी सलग दोन महिने ओट्यासमोर उभा राहिलो. चौथ्या दिवशी माझी कंबर गेली. मला वाटलं वय झालं, पण बायको खुर्चीत बसून बघत होती, ती म्हणाली, अहो तुम्ही ओट्यावर काम करत नाही आहात, तुम्ही ओट्याच्या पाया पडताय.

मग टेप काढून मोजलं. बिल्डरने १९९४ साली दिलेला कडप्प्याचा ओटा, जमिनीपासून बरोब्बर ३० इंच. मी पाच फूट नऊ, म्हणजे माझं कोपर ४३ इंचावर. त्यामुळे कांदा चिरताना मी जवळजवळ काटकोनात. बायको चार फूट अकरा, तिला तो ओटा तसा बरा होता. मी मनात म्हटलं चला निदान तिचे तरी हाल झाले नाहीत. पण मग तिने वर बोट दाखवलं. ओट्यावरच्या फळ्या ९६ साली मी स्वतः एका रविवारी ड्रिल मारून ठोकल्या होत्या, मोठ्या अभिमानाने, माझ्या हाताला येतील अशा उंचीवर. ती २८ वर्षं स्टूल ओढून त्या फळीवरचा साखरेचा डबा काढत होती. गुडघ्यांचा आणि त्या स्टुलाचा काही संबंध आहे का हे मी डॉक्टरांना विचारलं नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

तर तिथून किचन नवं करायचा विषय निघाला. पहिल्यांदा सगळे जातात तसे आम्हीही एका मोठ्या शोरूममध्ये गेलो, नाव सांगत नाही. तिथल्या मुलाने कॉम्प्युटरवर वीस मिनिटांत आमचं किचन थ्रीडीमध्ये फिरवून दाखवलं, सुंदर दिसत होतं यात वाद नाही. त्याने विचारलं, शटरचा कलर कोणता, ग्लॉसी की मॅट, हँडल पाहिजे की हँडललेस, काउंटरटॉप क्वार्ट्झ की ग्रॅनाइट, बजेट किती. त्याने काय विचारलं नाही ते सांगतो. स्वयंपाक कोण करतं? त्यांची उंची किती? घरात डबे किती? वर्षाचे गहू भरता का? परात केवढी आहे?

परातीची गोष्ट वरवर हसण्यावारी जाते पण आमची कणीक मळायची परात १८ इंची आहे आणि त्या मुलाने दाखवलेली ट्रॉली, म्हणजे ओट्याखालचा ओढून काढायचा तारेचा खण, ती पण १८ इंची होती. आता १८ इंची म्हणजे बाहेरून बाहेर. ट्रॉली ज्यावर सरकते ते दोन्ही बाजूंचे चॅनेल अर्धा अर्धा इंच खातात, मग तारेची जाडी, आत उरतं साडेसोळा. परात गेली बाहेर. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, विळी, खलबत्ता, सगळ्यांचं तेच, त्या थ्रीडी चित्रात त्यांना जागाच नव्हती. कप-सॉसरची खास ट्रॉली मात्र होती, बारा बश्या उभ्या राहतील अशी. आमच्याकडे शेवटचा बशीतून चहा पिणारा माणूस माझे वडील, ते जाऊन १९ वर्षं झाली.

शोरूमवाल्यांच्या ओट्याची उंची पण ठरलेली. कॅबिनेटचा सांगाडा ७२० मिलिमीटर, खाली १०० चे पाय, वर दगड, झालं ८४० च्या आसपास, म्हणजे ३३ इंच. पाय वाढवले की ३४-३५. हे ७२० चं माप युरोपातून आलंय, अमेरिकेत तर ओटा सरळ ३६ इंचाचा असतो. तिथल्या माणसांना आणि तिथल्या कामाला ते ठीक असेल. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आणि आपलं रोजचं काम पोळ्या लाटायचं. पोळी लाटताना हाताचा दाब वरून यावा लागतो, नुसत्या मनगटाने पोळी लाटली जात नाही. त्यात ओट्यावर पोळपाट दोन अडीच इंच, शेगडी चार इंच, शेगडीवर कुकर. ३५ च्या ओट्यावर चार फूट अकराच्या बाईने पाच लिटरच्या कुकरमध्ये डोकावायचं म्हणजे टाचा उंच करूनच.

माझी भाची आर्किटेक्चर शिकते, तिने मला एक गंमत सांगितली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची आजी म्हणजे फ्रँकफर्ट किचन, १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की नावाच्या बाईंनी फ्रँकफर्टच्या सरकारी घरांसाठी डिझाइन केलेलं. रुंदी १.९ मीटर आणि लांबी साडेतीन मीटरला थोडी कमी, म्हणजे आमच्या आठ बाय दहापेक्षा लहानच. अशी दहा हजारांच्या आसपास किचनं तेव्हा बसवली गेली. तांदूळ, साखर वगैरेला नावं कोरलेले अॅल्युमिनियमचे खण, ओतायला चोच असलेले, आणि कामाला बसायला एक स्टूल सुद्धा. आणि या बाईंनीच नंतर सांगितलं होतं की ते किचन डिझाइन करेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाकच केला नव्हता. मला एकदम जवळच्या वाटल्या. पण फरक असा की त्यांनी स्वयंपाक करणारीच्या हालचाली घड्याळ लावून मोजल्या, किती पावलं पडतात, काय कुठून उचलावं लागतं, आणि मग लाकूड कापलं. मी ९६ साली न मोजताच ड्रिल मारलं.

म्हणून या वेळी ठरवलं, आधी मोजायचं. दोन गोष्टी मोजल्या, माणसं आणि डबे.

माणसं मोजायची पद्धत फुकट आहे आणि त्यात तुमच्या पेपरचा थेट हातभार आहे. आमचं डायनिंग टेबल २९ इंच. त्यावर तुमच्याच पेपरच्या रद्दीचे गठ्ठे ठेवायचे, वर एक जुनी फळी, आणि त्यावर खरंखुरं काम करायचं. एक दिवस ३१ इंच, दुसऱ्या दिवशी ३२, मग ३३. बायकोने प्रत्येक उंचीवर दहा दहा पोळ्या लाटल्या, मी कांदे चिरले. तिला लाटायला ३२ पसंत पडलं, म्हणजे पोळपाट धरून हात कोपराच्या तीन-चार इंच खाली. मला चिरायला ३६ हवं होतं. सिंकचं गणित अजून वेगळं, कारण सिंकमध्ये आपण ओट्याच्या वर काम करत नाही, आठ इंच खाली करतो, म्हणजे ३० च्या ओट्यात सिंक बसवलं की भांडी आपण २२ इंचावर घासतो. भांडी घासणाऱ्या मावशी कंबर धरून का उभ्या राहतात ते मला तेव्हा कळलं. मावशींनाही विचारलं, त्यांना आधी खरंच वाटेना की मी विचारतोय. मी म्हटलं सिंक ३६ ला घेऊ. बायकोने रद्दीवर टब ठेवून रिहर्सल केली आणि म्हणाली ३६ ला पाणी कोपरातून ब्लाउजमध्ये येतंय. मावशींनीही करून बघितलं. ३४ ठरलं.

म्हणजे शेगडी आणि पोळपाटाची बाजू ३२, सिंकची बाजू ३४, आणि मधे दगडाला दोन इंचाची पायरी. ग्रॅनाइटवाला दोन दिवस माझ्याशी हुज्जत घालत होता, अंकल ऐसा कोई नहीं करता, एक लेवल में अच्छा दिखता है. मी म्हटलं दिखने दो. माझ्या चिरण्याचं काय म्हणाल तर समोरच्या भिंतीला एक घडीची फळी लावून घेतली ३६ इंचावर, कंस लावून, वापरून झाली की खाली पाडायची. सगळ्यात स्वस्त गोष्ट तीच आणि सगळ्यात जास्त उपयोग तिचाच, कारण पाहुणे आले की तिच्यावर चहाचा ट्रे पण राहतो.

आता डबे. एका रविवारी सगळं सामान हॉलमध्ये काढलं, खाली चादरी टाकून. लहानमोठे मिळून ६१ डबे निघाले, बरण्या वेगळ्या, गहू-तांदळाच्या दोन कोठ्या वेगळ्या. मागच्या रांगेतून एक मेतकुटाचा डबा निघाला, त्यावर चिठ्ठी २०११ ची. तो माझ्या आईच्या हातचा होता आणि आई आता नाही, त्यामुळे तो टाकायचा की नाही यावर अर्धा तास गेला. (टाकला नाही. खाल्लाही नाही.) पण मुद्दा असा की तो डबा हरवलेला नव्हता, तो २४ इंच खोल खणात मागे होता आणि त्याच्या पुढे दोन रांगा होत्या. जुन्या कडप्प्याच्या खणांचा हाच दोष, मागचं दिसत नाही, आणि दिसलं तरी काढायला जमिनीवर बसावं लागतं. ट्रॉलीचा खरा फायदा हा की मागची रांग तुमच्याकडे येते, तुम्हाला तिच्याकडे जावं लागत नाही. गुडघे बदललेल्या माणसासाठी हे फार मोठं काम आहे, त्यामुळे ट्रॉल्यांना माझा विरोध अजिबात नाही, उलट खालच्या भागात शटर उघडून आत फळी असला प्रकार कुणी करूच नये असं माझं मत झालंय.

फक्त ट्रॉल्या डब्यांवरून ठरवाव्यात, कॅटलॉगवरून नको. आम्ही डब्यांची उंची लिहून काढली. मिसळणाचा डबा, चमचे, झारे, उलथनी, सांडशी यांना पाच इंच पुरतात. डाळी-कडधान्यांचे डबे नऊ इंची, त्यांना अकराची ट्रॉली. पातेली, कुकर, कढया सगळ्यात खाली. परातीसाठी २४ इंची रुंद ट्रॉली मुद्दाम करून घेतली, त्यात पोळपाट, तवे आणि ताटं पण गेली. आणि बायकोचा एक सोपा हिशोब आहे तो कुठल्या डिझायनरने सांगितला नाही, रोजचं लागतं ते हाताशी, आठवड्याचं लागतं ते वाकून, दिवाळीचं लागतं ते माळ्यावर. त्यामुळे सोऱ्या आणि मोदकपात्र माळ्यावर गेले आणि ते काढायचं काम आता कायमचं माझ्याकडे.

एक गोष्ट आमची चुकली ती सांगतो. ट्रॉलीत डबे वरून दिसतात, म्हणजे फक्त झाकणं दिसतात, आणि स्टीलच्या डब्यांची झाकणं सगळी सारखी. पहिल्या आठवड्यात मला जिरं शोधायला चार डबे उघडावे लागले, एकदा तर आमटीत तिखट समजून नाचणीचं पीठ पडता पडता राहिलं. मग मार्करने झाकणांवर नावं लिहिली. बायकोला त्याची गरज नाही, ती डबा उचलला की वजनावरून सांगते काय आहे ते, पण आता स्वयंपाकाला मी पण आहे ना.

वरच्या कपाटांची उंची या वेळी तिच्या हातावरून ठरवली. ओट्यापासून १८ इंचावर कपाट सुरू होतं आणि तिचा हात दुसऱ्या फळीपर्यंत स्टुलाशिवाय पोचतो. याची किंमत माझं कपाळ मोजतंय, उघडं दार तीनदा लागलंय. चालायचंच.

आता दगड. यात लोक फार फसतात म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ओटा कडप्प्याचा. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलं, तो मुळात चुनखडीचा दगड आहे. म्हणून त्याच्यावर लिंबू, चिंचेचा कोळ, कोकम सांडलं की पांढरट डाग पडतो, तो डाग नसतो, आंबटाने दगडाचा वरचा थर खाल्लेला असतो, घासून जात नाही. संगमरवराचंही तेच होतं. ग्रॅनाइटला आंबटाचा तसा त्रास नाही, गरम कढई थेट ठेवली तरी चालते, म्हणून आमचा ग्रॅनाइट. काळा घ्यायचा तर एक करा, पांढऱ्या फडक्यावर थोडं थिनर घेऊन कोपऱ्यात घासा, फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. आणि जाडी स्वतः मोजा, १८ मिलिमीटर सांगतात आणि कड मोल्डिंग करून जाड दाखवतात. सिंकचं भोक पाडताना पातळ दगड तिथेच तडकतो.

क्वार्ट्झ म्हणजे खाणीतून निघालेली लादी नव्हे, दगडाचा चुरा नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि बाकी रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, असं कारखान्यात दाबून बनवलेलं असतं. डाग कमी पडतात, रंग एकसारखा मिळतो हे खरं, पण रेझिन आहे म्हणून फोडणीची कढई उचलून थेट त्याच्यावर ठेवली की खूण उमटते, आणि ती कायमची. पांढऱ्या ओट्यावर हळद हा तर वेगळाच विषय. शोरूममधला मुलगा म्हणाला सर हळदीचा डाग उन्हात जातो. जातो, मलाही माहितीये, कपड्यांचा जातो. पण ओटा गच्चीत कसा वाळत घालणार?

त्या क्वार्ट्झबद्दल अजून एक गोष्ट आहे जी तुमच्या पुरवणीत यायला हवी होती. असला दगड कापताना जी बारीक धूळ उडते त्यात सिलिका फार असते, ग्रॅनाइटमध्ये त्याच्या निम्म्याहून कमीच, पण असतेच. ती फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, त्यावर बरं होण्याचं औषध नाही. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून असल्या कृत्रिम दगडावर बंदी घातली. आपल्याकडे आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर गेल्या मे महिन्यात काम चाललं होतं, एक विशीतला पोरगा बाल्कनीत बसून कोरडा कटर चालवत होता, तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि सोसायटीची तक्रार काय तर गाड्यांवर धूळ बसते. आमच्या वेळी मी ग्रॅनाइटवाल्याला दोन अटी घातल्या, जेवढं कापता येईल तेवढं त्याच्या गोडाऊनमध्ये पाण्याखाली कापून आणायचं, आणि घरी जे उरेल ते कटरवर पाण्याची बाटली धरून. त्याने दोन हजार जास्त लावले, दिले. मास्क मी आणून दिले, पहिल्या दिवशी घातले, दुसऱ्या दिवशी गळ्यात होते, तिसऱ्या दिवशी मीच ओरडायला लागलो. माझं म्हणणं आहे सोसायट्यांनी एनओसी देताना कोरडा कटर बंद असं सरळ लिहावं, काम सकाळी दहा ते सहा असं लिहितातच ना, त्याच कागदावर अजून एक ओळ.

लाकडाचं थोडक्यात सांगतो. सिंकखाली पार्टिकल बोर्ड लावू देऊ नका, एकदा पाणी मुरलं की तो टोस्ट चहात बुडवल्यासारखा फुगतो. प्लाय घेतला तर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघा, नुसतं वॉटरप्रूफ आहे साहेब हे ऐकून पैसे देऊ नका. आम्ही तर जुन्या कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या तशाच ठेवल्या, जिथे उंची वाढवायची तिथे खाली बांधकाम करून उचलल्या, आणि त्यांच्यामध्ये ट्रॉल्या बसवल्या. पुण्या-कोल्हापूरकडे हा प्रकार वर्षानुवर्षं चालत आलाय, आणि शोरूमवाले त्याला जुनाट म्हणतात. म्हणोत. कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि आमच्या तीस वर्षांच्या पट्ट्या फुकटात परत वापरल्या गेल्या. एक मात्र करा, शटर लावताना तळाशी चार इंच उंच आणि तीन इंच आत अशी पायाची जागा सोडायला लावा, नाहीतर ओट्याजवळ उभं राहिलं की अंगठे शटरला आपटतात आणि माणूस आपोआप मागे उभं राहून पुढे वाकतो.

ट्रॉल्यांचं स्टील बघताना दुकानदार खिशातून लोहचुंबक काढतो, बघा चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४ ग्रेडचं स्टील. मी पण मान डोलावली होती. नंतर भाचीने सांगितलं की २०२ ग्रेडला पण चुंबक चिकटत नाही, त्यात निकेल कमी असतं म्हणून ते स्वस्त, आणि आपल्या दमट हवेत, मिठाच्या बरणीखाली, तेच आधी गंजतं. तेव्हा चुंबक खिशात ठेवायला सांगा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. लिहायला जो का-कू करतो त्याच्याकडून घेऊ नका.

गॅसबद्दल पण सांगायचं होतं. आमच्याकडे पाइप गॅस आला म्हणून सिलिंडरचा खण मोकळा झाला आणि त्यात दोन्ही कोठ्या मावल्या, यासारखा आनंद नाही. पण ज्यांच्याकडे सिलिंडर आहे त्यांनी तो चकचकीत शटरच्या आड बंद करून टाकू नये, सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, तेव्हा शटरला खाली जाळी हवी. पाइपाचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो, तिथे जाळी वर हवी. आणि रबराच्या नळीपर्यंत हात पोचला पाहिजे, तिच्यावर तारीख असते, ती बघायला ट्रॉली स्क्रूने खोलावी लागत असेल तर कुणी बघणार नाही.

बाकी खर्च, सुताराचे वायदे, राडारोड्याच्या गोणी कुठे टाकायच्या, तीन आठवड्यांचं काम सात आठवडे कसं चालतं, हॉलमध्ये इंडक्शनवर खिचडी किती दिवस खाता येते, हे ज्यांनी काम काढलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी काढलं नाही त्यांना आत्ताच घाबरवायला नको.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी किचनवर मजकूर छापाल तेव्हा प्रत्येक फोटोखाली दोन गोष्टी छापा, ओट्याची उंची किती आणि त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाची उंची किती. आणि एखादा फोटो ट्रॉल्या उघड्या असतानाचा, आत खरे डबे ठेवलेला, झाकणावर पिठाचे हात लागलेला.

कळावे,
आपला जुना वाचक,
डोंबिवली (पूर्व)
(नाव छापू नये, ग्रॅनाइटवाला अजून बिल्डिंगमध्ये येतो)

ता. क. पत्र पोस्टात टाकायच्या आधी बायकोने वाचलं. ती म्हणाली डबे ६१ नाहीत, ६४ आहेत, तीन तेव्हा शेजारी फराळ घालून दिले होते ते दिवाळीनंतर परत आले. ते सध्या वॉशिंग मशीनवर आहेत.